वीस सेकंदांचा उशीर

शिवणयंत्राचं झाकण खाड्कन आपटलं आणि मी दचकून आतल्या खोलीकडे पाहिलं. लेक हलली नाही. जेमतेम डोळा लागला होता तिचा. चार वर्षांची पोर, पण तिला झोपवता झोपवता माझेच डोळे मिटतात.

"हळू गं, मावशी!"

"झाकण म्हातारं झालंय, माझ्यासारखंच. त्याला सांग."

दर मंगळवारी दुपारी, लेकीच्या झोपेच्या त्या तासाभरात, आम्ही मावशीचा शिवणवर्ग इंटरनेटवर थेट दाखवायचो. सामान साधंच. कॅमेऱ्याच्या जागी दोन जुने मोबाईल: एक सुईवर रोखलेला, दुसरा अख्ख्या दिवाणखान्यावर, मावशीच्या पाठीमागच्या बाहेरच्या दारासकट. दोन्हींपैकी कोणतं चित्र लोकांना दाखवायचं ते बदलायला बटणांचा एक वापरलेला, स्वस्तातला डबा. तिसरा मोबाईल माझ्या हातात; लोकांना काय दिसतंय ते मला त्यावर कळायचं.

चित्र बाहेर जाऊन परत माझ्या हातात यायला वीस सेकंद लागत. वर्गाच्या सुरुवातीला मी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची आणि ती मोबाईलवर कधी दिसते ते मोजायची.

"दर वेळी माझा सत्कार कशाला?" मावशी विचारायची.

महिन्याभरात उशीर बारावर आला. मग पाचवर. मी खूश. ज्याच्याकडून डबा घेतला त्याला फोन केला, तर तो हसला. "ताई, घड्याळ बदला. पाचाच्या खाली तर तो जन्मात जायचा नाही."

पुढच्या मंगळवारी उशीर शून्य होता.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी टाळीसाठी हात उचलले, तर मोबाईलवर टाळी वाजूनही गेली होती.

मावशीला बोलले नाही. काय सांगणार? उलट, लिहायला लाज वाटते, मला ते सोयीचंच झालं. मोबाईलवर मावशीच्या कोपराने टाचण्यांची डबी सांडली. मी उठून ती आधीच बाजूला ठेवली.

"आज फार चपळ झालीस," ती म्हणाली.

गेल्या मंगळवारी टाळी चाळीस सेकंद आधी वाजली.

मावशी काजं करायला शिकवत होती. मी दिवाणखान्याचं चित्र लावलं होतं. मोबाईलवर आतल्या खोलीतून लेक आली. अनवाणी, केस विस्कटलेले. उजवा हात वर धरलेला, कुणाचं बोट पकडून चालताना धरते तसा. वर पाहून ती काहीतरी बोलली, हसली. बाहेरचं दार उघडलं. ती गेली. दार लागलं.

मोबाईल मुठीत धरूनच मी आत धावले.

ती अंथरुणात उठून बसली होती. उजवा हात हवेत होता.

मी तिला उचलून छातीशी धरलं. मानेला झोपेची ऊब होती, केसांना दुधाचा वास. मी आकडे मोजत राहिले. चाळिसाच्या जवळ तिचा हात ओढल्यासारखा ताणला गेला. मी आणखी घट्ट धरलं. हात सैल पडला.

बाहेर दार उघडलं, आणि लागलं.

"वारा असेल," मावशी यंत्र न थांबवता म्हणाली.

खिडक्या बंद होत्या.

मी लेकीला घेऊन मावशीच्या शेजारी जाऊन बसले, थेट कॅमेऱ्यासमोर. लोक बघोत तर बघोत. मला ते दार डोळ्यांसमोर हवं होतं. मोबाईलवर खाली एका बाईंनी लिहिलं होतं: "ताई, छोटी एकटीच बाहेर गेली, बघा जरा."

तिचं वजन माझ्या मांडीवर होतं. तिच्या छातीची धडधड माझ्या तळव्याला लागत होती.

मोबाईलवर मावशी होती. शेजारी मी होते. माझे हात कुणाला तरी कवटाळल्यासारखे वळलेले.

मांडी रिकामी.

चाळीस सेकंद गेले. आणखी चाळीस गेले.

लेकीने माझं मनगट धरून मोबाईल स्वतःकडे वळवला आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "मी कुठे गेले गं?"