आठ वाजून दहा मिनिटांचा धूर

टेकडीच्या माथ्यावर एका दगडावर बसून रेवा बुटातला खडा झटकत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी तमिळमध्ये काहीतरी म्हणालं. तिनं मान वळवली. उन्हानं रापलेला, खांद्याला झोळी लावलेला एक तरुण हातातल्या ब्रशनं तिला 'ऊठ, ऊठ' म्हणून खुणावत होता.

"आता हा कोण शहाणा..." ती पुटपुटली.

"शहाणा नव्हे," तो चक्क मराठीत म्हणाला. "मी पुराणवस्तुखात्याचा मनुष्य. आणि तुम्ही बसलां आहां ती चूल आहे. तीनशें वर्षांची."

रेवाची काय अवस्था झाली ते सांगायला नको. एक बूट हातात, एक पायात, अशी ती लंगडीच्या खेळासारखी तीन उड्या मारत बाजूला झाली. चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या तिच्या ऑफिसातली बाकीची मंडळी सहलीच्या उत्साहात केव्हाच पुढे निघून गेली होती. रेवा गेली नाही. खरं तर तिनं जायला हवं होतं, पण असली मराठी बोलणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता.

त्याचं नाव विजयेंद्र. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, वडील बँकेच्या नोकरीपायी चेन्नईला आले ते इथलेच झाले. घराबाहेर सगळा कारभार तमिळमध्ये आणि घरात ही मराठी, जी साताऱ्याच्या रेवानं फक्त शाळेच्या पुस्तकातल्या जुन्या पत्रांत वाचली होती.

चूलही स्वयंपाकाची नव्हती. चेंगलपट्टूच्या वाटेवरच्या त्या टेकडीवर दगडांचा एक गोल ओटा होता, आता जेमतेम गुडघ्याएवढा उरलेला. आतले दगड भाजून लाल झालेले, खाली राखेचा थर. विजयेंद्रचा अंदाज असा, की ही इशाऱ्याची जागा. शत्रू दिसला की रात्री जाळ करायचा, दिवसा ओला पाला टाकून धूर. पलीकडच्या टेकडीवरच्या माणसानं तो पाहिला की त्यानं आपला पेटवायचा. घोडेस्वार अर्ध्या वाटेत असताना बातमी मुक्कामाला पोचलेली असे.

रेवानं विचारलं, की पलीकडच्या माणसाला डुलकी लागली तर? तो हसला, मग गंभीर झाला. डुलकी परवडली, म्हणाला. न दिसलेला धूर ज्याला दिसतो, तो माणूस फार महागात पडतो.

त्यानंतरचे सगळे रविवार रेवानं टेकडीवर घालवले. आई फोनवर विचारायची, तर ती 'छंद' म्हणून सांगायची. छंदच होता म्हणा. ती राख चाळायला शिकली, दगड मोजायला शिकली, आणि विजयेंद्रच्या आईनं दिलेल्या चिंचेच्या भातातले शेंगदाणे तो न बोलता तिच्या बाजूला सरकवतो, हेही तिच्या लक्षात आलं. ती त्याच्या 'मज' आणि 'तुम्हांस'ची थट्टा करायची. तो म्हणायचा, तुमच्या एका वाक्यांत चार शब्द इंग्रजी, मग मराठी कोण बोलतो, तुम्ही की मी? ती खोटं खोटं रुसायची... आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर असायची.

पण टेकडीला दिवस थोडे उरले होते. माथ्यावर मोबाइलचा टॉवर उभारायचं घाटत होतं. ओटा खरोखर इशाऱ्याचा आहे हे दाखवता आलं तरच जागा वाचणार होती. त्यासाठी चाचणी ठरली. विजयेंद्र ओट्याजवळ धूर करणार, रेवा सहा मैलांवरच्या दुसऱ्या टेकडीवरून बघणार. सकाळी आठ ते साडेआठ. फोन बंद, कारण आधी कळलं की डोळे फसतात. जे दिसेल ते वहीत लिहायचं, न दिसलं तर तसं लिहायचं.

रेवा पावणेआठपासून डोळे ताणून उभी होती. क्षितिजावर दमट पांढुरकी धूसरता, बाकी काही नाही. आठ वाजले, सव्वाआठ झाले, साडेआठही झाले. तिला मनात त्याचा चेहरा दिसत होता, तो उतरलेला चेहरा, टॉवरखाली उभा असलेला. आणि तिनं वहीत लिहिलं: 'दिसला. आठ वाजून दहा मिनिटं. बारीक, उजवीकडे झुकलेला.'

चेंगलपट्टूच्या स्टेशनावर भेटल्याबरोबर, तो तोंड उघडण्याआधीच, तिनं वही त्याच्या हातात दिली. त्यानं ते पान बराच वेळ वाचलं. "सरि," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाला आणि वही झोळीत टाकली. रेवाला वाटलं, आनंदानं शब्द फुटेना त्याला.

मग सुरू झाली तिची तगमग. ऑफिसात स्क्रीनसमोर बसलं की वहीतले ते शब्द डोळ्यांपुढे यायचे. 'उजवीकडे झुकलेला' लिहायची काय गरज होती? विजयेंद्रही कमी बोलू लागला होता. शेंगदाणे येत, पण नजर येत नव्हती. चाचणीचा अहवाल तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी जाणार होता. सांगावं, तर हा माणूस पुन्हा आपल्याकडे बघणार नाही. न सांगावं, तर तिच्या खोट्यावर त्याची सही होणार. ते तीन आठवडे तिनं असे काढले.

सोमवारच्या आधीचा रविवार. दुपारीच आभाळ भरून आलं, खोदकामावरचे बाकीचे लोक घाईनं उतरले, आणि ओट्यावर ताडपत्री घालायला दोघंच राहिले. वारा ताडपत्री ओढत होता. रेवाच्या दोन्ही हातांत दोन टोकं होती, पळून जायची सोय नव्हती. कदाचित म्हणूनच तिला बोलता आलं.

"मी धूर बघितला नव्हता."

तो ताडपत्रीवर दगड ठेवत होता. हातातला दगड त्यानं नीट ठेवला.

"त्या दिवशी... मला काहीच दिसलं नाही. वाटलं, तुम्ही केलाच असणार, माझेच डोळे कमी पडले. त्यापायी ही जागा जाईल, आणि तुमचा चेहरा... तो मला बघवला नसता. म्हणून लिहिलं. खोटं लिहिलं."

"रेवा, मी धूर केलाच नव्हता."

वनखात्याचा पहारेकरी ऐन वेळी आला होता, विजयेंद्रनं सांगितलं. कागदावर एक शिक्का कमी, म्हणून पहारेकऱ्यानं काडी ओढू दिली नाही. स्टेशनावर विजयेंद्र हेच सांगायला आला होता, तर हातात वही.

टेकडी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं रेवाला झालं. "म्हणजे तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं. बोलला का नाहीत?"

"बोलवेना."

त्यानं झोळीतून अहवाल काढून तिच्यासमोर धरला. चाचणीच्या जागी एकच ओळ होती, आणि तारीख चाचणीच्याच दिवसाची: धूर करता आला नाही, मुदत वाढवून मिळावी. मुदत मिळेल की नाही, त्यालाही माहीत नव्हतं. रेवाची वही त्यानं कुणालाच दाखवली नव्हती.

पाऊस आला. ताडपत्रीवर टपटप सुरू झाली, तरी तिनं टोकं सोडली नाहीत. "आणि मी आजही सांगितलं नसतं तर?"

त्यानं अहवाल पावसातून वाचवत झोळीत घातला. "तर डबा आणीत राहिलों असतों," तो म्हणाला. "थट्टाही केली असती. पण जें तुम्हांस विचारायचें होतें, तें विचारिलें नसतें. माझ्यासाठीं खोटें बोलणारें मनुष्य मज नको होतें, रेवा. आणि तुम्ही तर... हव्या होतां. तीन आठवडे मी नीट निजलों नाहीं."

आता तिच्या हातातून एक टोक सुटलं. ते वाऱ्यावर फडफडू लागलं, दोघांनीही धरलं नाही.

"मग आता विचारा," ती म्हणाली.

आणि बघा, एवढी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली मराठी ऐन वेळी त्याला सोडून गेली. तो जे बोलला ते सगळं तमिळमध्ये, खाली बघत, एका दमात.

रेवाचं तमिळ भाजीवालीपलीकडे कधी गेलं नव्हतं. सगळं समजल्यासारखी मान हलवणं किती सोपं होतं.

"अर्धंच कळलं," ती म्हणाली. "जेवढं कळलं, तेवढ्याला हो."

तो हसला, भिजलेला चेहरा बाहीनं पुसला, आणि उरलेलं अर्धं तिला मराठीत सांगू लागला.