खडककान

धारेवाडीच्या धबधब्याकडे उठलं आणि निघालं, असं आता चालत नव्हतं. फाटक उघडायचं की नाही, ते खडक ठरवायचा. कातळाच्या भेगांत तारा बसवलेल्या होत्या. आत बारीकशी चीर सरकली, तरी तिचा आवाज त्या टिपायच्या. गावानं त्या यंत्राचं नाव ठेवलं खडककान. हिरवा दिवा लागला की पाण्यामागच्या कपारीत पाहुणे सोडायचे. लाल लागला, की कितीही मोठा साहेब असो, आल्या वाटेनं परत! कड्याची झीज थांबली, बाटल्यांचा खच गेला, लोकांना गावातच कामं मिळाली.

खोड एकच. दसऱ्याला देवळापाशी धनगरांचे ढोल घुमले की खडककान बिथरायचं. धबधब्याच्या गर्जनेत फाटकाशी ढोल ऐकू येत नसत, पण त्यांचा हादरा कातळातून पोचून लाल दिवा लागायचा. मग फाटक सांभाळणाऱ्या गावसमितीची कुंदा झोरे कळ दाबून त्याला गप्प करायची. आजही तिनं तेच केलं आणि तिची मुलगी वैजू पाहुण्यांना घेऊन कपारीत गेली.

थोड्या वेळानं ढोलवाले धाकूकाका फाटकाशी आले.

"काका, आज लवकरच सुरू केलंत!"

"कसलं सुरू? दमटपणानं कातडी सैल पडल्यात. शेकोटीवर शेकतोय अजून. ढोलाला हात लावला न्हाई कुणी."

कुंदानं वळून कपारीकडे पाहिलं. म्हणजे सकाळी खडकच बोलत होता! कपारीत फोन लागत नव्हता. भोंगा तर पाखरं बुजतात म्हणून तिनंच भांडून काढायला लावलेला. आता बोला!

"आतल्यांना ऐकू जायला कपारीच्या तोंडाशी ढोल बडवू?"

"नको काका, एक थापसुद्धा नको! त्या दणक्यानं कडाच खाली यायचा."

ती धावत सुटली. शेवाळावर आपटली, गुडघे फुटले. वैजू आत लाव्हाचे थर दाखवत होती. हाका पाण्यात विरल्या, तेव्हा कुंदानं तिचा दंड धरून ओढलं.

"आई, लोकांसमोर काय हे!"

"चूप! सगळ्यांना घेऊन आधी बाहेर हो!"

शेवटचा पाहुणा कुरकुरत बाहेर पडला आणि मागे कपारीचं छत खाली आलं. पाणी गढूळ झालं.

कुंदानं फतकल मारली आणि लेकीला कवटाळून ती ढसाढसा रडली. वैजू गढूळ पाण्याकडे पाहत होती. मग ती म्हणाली, "आई, दर दसऱ्याला तू ढोल समजून कळ दाबलीस आणि आम्ही आत गेलो. त्यातला खरा ढोल कितीदा होता गं?"