सोबतची व्यक्ती

"सोबत कोण आहे?" द्रौपदीताईंनी विचारलं, आणि मी खोटं बोलले.

"भाऊ येतोय. पवईला ट्रॅफिकमध्ये अडकलाय."

मला भाऊ नाही. आई मी सहावीत असताना गेली आणि बाबा मागच्या मे महिन्यात. पण दातांच्या दवाखान्यातल्या काउंटरवर एवढं सगळं सांगायचं कशाला?

"मग थांबा तो येईपर्यंत," द्रौपदीताई म्हणाल्या. "दाढ काढायला गुंगीचं इंजेक्शन आहे तुम्हाला. माणूस असल्याशिवाय डॉक्टर सुई लावत नाहीत. गुंगी उतरेपर्यंत शेजारी कुणीतरी लागतं, आणि घरी न्यायलाही."

मी खुर्चीत बसले. सकाळपासून उपाशी होते. उजवीकडची अक्कलदाढ आडवी वाढली होती, दुखून दुखून गाल जड झाला होता. मी फोन काढून न आलेल्या भावाला लावल्यासारखा कानाला धरला.

"पवईला नेमका कुठे अडकलाय?"

समोरच्या खुर्चीतल्या माणसाने विचारलं होतं. उन्हाने रापलेला चेहरा, केस ओलसर. शेजारी त्याची आई, नवी कवळी बसवून घ्यायला आलेली, हातरुमाल तोंडावर धरून.

"तलावापाशी," मी म्हटलं.

"मी आत्ताच तिथून आलो. रस्ता मोकळा आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसला नाही. हसला असता तर मी उठून गेले असते... त्याने फक्त मान जरा वाकडी केली, एखादं मूल पाण्याच्या काठाशी अडून बसलं की बघतात तसं.

"मी थांबू का?" तो म्हणाला. "भाऊ म्हणून नाही. नुसताच."

"नुसताच काय रे?" आईने रुमाल काढला. कवळी अजून तोंडात रुळलेली नव्हती, तरी आवाज खणखणीत. "उठ आणि नाव लिही. पोरीचं तोंड बघ किती सुकलंय. बाय, मी सेराफिना. आम्ही इथलेच, मरोळ गावठाणातले. ह्या डॉक्टरणीने माझा प्रत्येक दात काढलाय, तिला विचार आम्ही कसे आहोत ते."

डॉ. दीप्तींनी मला विचारलंच, की ओळखीचे आहेत का. मी हो म्हटलं. दिवसभरातलं माझं दुसरं खोटं. फॉर्मवर "सोबतची व्यक्ती" या ओळीत त्याने लिहिलं – एल्रॉय. पुढे "नातं" होतं. तिथे त्याचं पेन थांबलं.

"काय लिहू?"

"काहीही," मी म्हटलं, आणि आत गेले.

हातावर थंड काहीतरी चढत गेलं. डॉक्टर मला विचारत होत्या, काय काम करता, आणि मी सांगत होते, घाटकोपरच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे... एवढं आठवतं. त्यापुढची पानं पुस्तकातून कुणीतरी अलगद काढून घेतली.

नंतरचं पहिलं आठवतं ते आकाश. जानेवारीचं, फिकट, आणि त्यात एका जुन्या कौलारू घराची कड. मी एका व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. गालाशी टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, मांडीवर वितळलेल्या आइस्क्रीमची वाटी. उजव्या पायात चप्पल नव्हती.

"आली गो शुद्धीवर," सेराफिनाबाई म्हणाल्या.

"मी... इथे कशी आले?"

"पायांनी. चालत आलीस, रिक्षात बसलीस, माझ्या क्रोटनच्या कुंडीला नमस्कार केलास."

"काय?"

"वाकून केलास."

मला हसू आलं, पण अर्धं तोंड बधिर होतं, ते हसू एकाच बाजूने बाहेर पडलं. एल्रॉय पायरीवर बसला होता.

"मी आणखी काय केलं?" मी विचारलं.

मायलेकांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्याने खिशातून दवाखान्याचा कागद काढला आणि वाचू लागला. "आजचा दिवस गरम खाऊ नये. स्ट्रॉने काही पिऊ नये. चोवीस तास गाडी चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये, महत्त्वाचे निर्णय घेऊ नयेत. रात्री कुणीतरी जवळ असावं."

"मी काय विचारलं?"

"ऐकलं मी. चोवीस तासांनी विचारा."

विक्रोळीच्या आमच्या दोन खोल्यांत त्या रात्री सेराफिनाबाई राहिल्या. मी नको नको म्हणत होते, त्या कागद दाखवत होत्या. बाबांच्या खाटेवर आठ महिन्यांत कुणी पाठ टेकली नव्हती. त्यांनी चादर झटकली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि झोपल्या. मी दाराशी उभी राहून बघत होते. मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता एल्रॉय आईला न्यायला आला. गाल सुजून मी ओळखू येत नव्हते.

"चोवीस तास झाले," मी गॅलरीत गेल्या गेल्या म्हटलं. "दोन मिनिटं वरच."

"कागदावर सूज उतरेपर्यंत थांबा असंही आहे."

"खोटं."

"खोटं," त्याने कबूल केलं. मग कठड्यावर हात ठेवले आणि खाली बघत म्हणाला, "तुम्ही रडलात."

"मी?"

"दवाखान्यात, आतल्या खोलीतल्या खाटेवर. पाऊण तास. डॉक्टर म्हणाल्या गुंगीत होतं असं, घाबरू नका. पण ते... मोठं होतं. द्रौपदीताईंनी बाहेरच्या टीव्हीचा आवाज वाढवला, तुम्हाला कुणी ऐकू नये म्हणून."

बाबा गेले तेव्हा सगळे सांगत होते, रडून घे. मोकळी हो. मी चहा केला, दाखले काढले, कपडे वाटले. रडू आलं नाही. रात्री रात्री मी वाट बघायचे त्याची, आणि ते यायचं नाही, आणि मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे.

"आणि तुम्ही म्हणालात," तो हळू बोलला, "बाबा, अंगठा सोडू नका."

ती गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नव्हती. लहानपणी दात काढायचा असला की डोक्याशी डॉक्टर उभे असायचे, हात धरायला जागा नसायची. मग बाबा खुर्चीच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा मुठीत धरायचे. कारखान्यात टर्नरचं काम करून त्यांची मूठ खरखरीत झाली होती. पस्तीसाव्या वर्षापर्यंत मी त्यांना तसंच उभं केलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय... धरला."

"पाऊण तास?"

"मला सवय आहे. मी पोहायला शिकवतो, मोठ्या माणसांना. पालिकेच्या तरणतलावावर. तरंगायला शिकवताना टाचांना हात लावून ठेवावा लागतो. भीती पायातूनच वर चढते माणसाला."

एका अनोळखी माणसाने माझ्या अंगठ्याला धरून पाऊण तास उभं राहावं, आणि त्याबद्दल काहीही न विचारता सवय म्हणून सांगावं! मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. साधे हात होते. पाण्याने कातडी सुरकुतलेली.

आणि मग, का कोण जाणे, मला हेवा वाटला.

"ते माझं होतं," मी म्हटलं. "आठ महिने मी त्याची वाट बघितली. आणि ते आलं तेव्हा तुम्ही होतात तिथे, तुमच्या आई होत्या, द्रौपदीताई होत्या. मी नव्हते."

"परत देता आलं असतं तर दिलं असतं," तो म्हणाला.

पण त्याने दिलं. थोडं थोडं करून.

टाके काढले त्या दिवशी तो दवाखान्याबाहेर उभा होता. "तुम्ही आणखी एक गोष्ट बोलला होतात," म्हणाला. "सांगू?" आणि चालता चालता सांगितली – बाबांचा डबा घासून पालथा घातलाय, तो अजून मला उचलता येत नाही. मी घरी गेले आणि डबा उचलला.

पुढच्या रविवारी पवई तलावाच्या काठावर दुसरी. मग तिसरी. आम्ही शेंगदाणे खायचो, मी डाव्या बाजूने आणि तो मुठीमुठीने.

"सगळं एकदम सांगून टाक ना रे," मी म्हणायचे. तुम्हीचं तू कधी झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

"एकदम कशाला? मग तू भेटायची नाहीस."

"फार शहाणा आहेस."

"नाही गं, घाबरट आहे. पाण्याबाहेर फार घाबरट."

कधी लहानसं असायचं. "तू मला विचारलंस, बाबा, माझ्याशी न बोलता का गेलात." कधी हसवणारं. "तू म्हणालीस, ह्या बाईंची कवळी माझ्या पुस्तकांपेक्षा नीट लावलेली आहे." मी त्याचं बोलणं ऐकायचे आणि माझाच आवाज मला लांबून, पाण्याखालून ऐकू यायचा. एवढं सगळं त्याने जपून ठेवलं होतं. शब्द न बदलता. मी पुस्तकं जपते, पण असं जपलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मार्चमधल्या एका संध्याकाळी तो पुडी उलटी करून म्हणाला, "संपलं."

"शेंगदाणे?"

"ते पण. रुचिरा, माझ्याकडे आता काही उरलं नाही. तू बोललेलं सगळं सांगून झालं." त्याने कागदाची घडी घातली, परत उलगडली. "म्हणजे आता तुला मला भेटायचं कारण..."

तलावावर ऊन तिरकं झालं होतं. मला वाटलं होतं, हे संपेल तेव्हा मी मोकळी होईन. तसं काही झालं नाही.

"डावी दाढ आहे ना अजून," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. अख्खा तलाव त्या बघण्यात मावला असता.

गुरुवारी आम्ही मरोळला गेलो. मी डॉ. दीप्तींना सांगितलं, या वेळी गुंगी नको. फक्त जागा बधिर करा.

"तुम्हीच तर घाबरता म्हणाला होतात."

"घाबरते. पण या वेळी मला आठवायला हवंय."

काउंटरवर द्रौपदीताईंनी माझा जुना फॉर्म काढला आणि बाजूला ठेवला. "गुंगी नाही ना? मग सोबत कुणी लागत नाही."

"लागतं," मी म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि कोरा फॉर्म पुढे सरकवला. जुना तिथेच पडला होता. मी पहिल्यांदाच वाचला. सोबतची व्यक्ती – एल्रॉय. नातं – समोरच्या खुर्चीतला.

मी नव्या फॉर्मवर त्याचं नाव लिहिलं. नात्यापुढे लिहायला मला पेन थांबवावं लागलं नाही.

"काय लिहिलंस?" तो मागून वाकला.

मी हाताने झाकलं. "चोवीस तासांनी विचार."

"अगं, हा महत्त्वाचा कागद आहे का?"

"सही करून झाली माझी."

द्रौपदीताई खोकल्या. फॉर्म उचलून त्यांनी वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एल्रॉयला कळलं. त्याचे कान लाल झाले. पालिकेच्या तलावात दिवसाला चाळीस माणसांना धीर देणारा तो माणूस, त्याला उभं राहायला भिंत लागली.

आत खुर्ची मागे कलली. दिवा डोळ्यांवर आला. सुई टोचली, मग गाल माझा राहिला नाही. डॉक्टर डोक्याशी उभ्या होत्या, आणि पायथ्याशी, जिथे आठ वर्षांची असल्यापासून एकच माणूस उभा राहत आला, तिथे एल्रॉय येऊन उभा राहिला. मी उजव्या पायातली चप्पल सोडली.

त्याची मूठ खरखरीत नव्हती. ओलसर होती, गार, आणि घट्ट. बाबांची नव्हती. बाबांची आता कधीच असणार नव्हती... हे मला त्या क्षणी, पूर्ण जागेपणी, पायापासून वर चढत कळत गेलं.

"दुखतंय का?" डॉ. दीप्तींनी हात थांबवला. "पाणी येतंय डोळ्यांतून. थांबू?"

मी मान हलवली. थांबू नका. कुणीच थांबू नका. घशातून आवाज निघाला, माझाच, मी पहिल्यांदाच ऐकत होते तो. अंगठा सुटला नाही.

बाहेर द्रौपदीताईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.