गोखरूची झोप

पडद्यावर सहा हिरव्या पट्ट्या होत्या, आणि त्यांतल्या पाच नको तेवढ्या वेगाने आखूड होत चालल्या होत्या.

माणदेशच्या उघड्या माळावरच्या शीतनिद्रा संशोधन केंद्रात डॉ. भालचंद्र हिंगमिरे सकाळपासून त्या पट्ट्यांसमोर बसून होते. शनीकडे निघालेल्या ‘निशीथ’ या यानात सहा माणसे झोपली होती. ही आपली रोजची झोप नव्हे. उन्हाळ्यात बेडूक चिखलात निपचित पडून राहतो ना, तशातली ही झोप. शरीर गार केलेले, हृदय मिनिटाला चार-पाच ठोक्यांवर आणलेले. अशा शीतनिद्रेत माणसाला जेवण लागत नाही. शरीर आपल्याच चरबीवर, म्हणजे मेदसाठ्यावर, सावकाश जगत राहते. पडद्यावरची एकेक पट्टी म्हणजे एकेकाचा मेदसाठा. तिसरी पट्टी अरुंधतीची होती. अरुंधती ही डॉक्टरांची मुलगी.

“याच वेगानं गेलं तर?” त्यांनी विचारले.

“शनी येण्याआधी साठा संपेल, सर,” नफिसा मुलाणी म्हणाली. एके काळची त्यांची विद्यार्थिनी, आता या केंद्राची प्रमुख. “आणि यान त्यांना जागं करायला जाईल तेव्हा जागं होण्यापुरतीही चरबी उरलेली नसेल.”

“गार पडलेला बंब. पेटवायचा तर सरपण हवं.”

“हे वाक्य तुम्ही वर्गात म्हणायचात तेव्हा आम्ही हसायचो.”

“आता हस की.”

नफिसा हसली नाही. नळीतून अन्न देता येत नव्हते, कारण गार पडलेल्या पोटाला काहीच पचत नाही. आताच सगळ्यांना उठवावे, तर यानात शनीजवळच्या कामापुरतेच अन्न होते, आणि पोहोचायला अजून वर्ष होते.

“हा तुस्कानो बघ,” डॉक्टरांनी सहाव्या पट्टीवर बोट ठेवले. “याची पट्टी अगदी आपल्या हिशेबाबरहुकूम. वय तेच, औषध तेच, झोपायची पेटीही तशीच. मग याच्यात वेगळं काय?”

“तेच तर शोधतोय आम्ही महिनाभर.”

डॉक्टर घरी आले तेव्हा ऊन उतरले होते. केंद्राच्या आवारातच त्यांचे घर होते आणि घरामागे बाग. बागेच्या पायरीवर कृत्तिका बसली होती. कृत्तिका म्हणजे अरुंधतीची मुलगी, वय वर्षे नऊ. मांडीवर बुटाचे खोके, शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा, आणि चेहरा रडवेला.

“आबा, गोखरूचं वजन आजही कमी झालं.”

गोखरू मागच्या आठवड्यात कडुनिंबाच्या पाचोळ्यात सापडला होता. मुठीएवढा काटेरी गोळा. रस्त्यावर चपलेला चिकटते त्या गोखरूसारखा, म्हणून हे नाव. “साळिंदराचं पिल्लू!” असे ओरडत कृत्तिका घरात धावली होती. तेव्हा आबांनी सांगितले होते, की साळिंदर वेगळे, हा जाहक. हा मुळे कुरतडत नाही, किडे खातो आणि घाबरला की स्वतःचाच चेंडू करतो. दूध पाजू नकोस, बशीत पाणी ठेव, एवढे बोलून ते घाईने केंद्रात गेले होते. तिकडच्या पट्ट्यांनी त्यांना दुसरे काही सुचू दिले नव्हते.

आता मात्र ते पायरीवर टेकले.

“काय काय केलंस याच्यासाठी?”

“तो एकदम गार होता, म्हणून खोक्यात गरम पाण्याची पिशवी ठेवली. मग त्याला आवडली नसेल म्हणून काढली. आता नुसती लोकर आहे. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याशी बोलते. ‘गोखरू, बरं आहे ना रे?’ असं विचारते. आणि जरासं थोपटते. काटे टोचतात, तरी.”

“आणि तो काय करतो?”

“काहीच नाही. हलतसुद्धा नाही.” तिने वजनकाटा आबांकडे सरकवला. “एवढी काळजी घेतेय, तर वजन वाढायला नको का? मरणार नाही ना तो?”

“बघूया. आपल्याला दिसत नाही म्हणजे काही घडत नाही, असं थोडंच आहे?”

आबांनी केंद्रातून उष्णताचित्रक आणला. हा एक जाडसर कॅमेरा. गार वस्तू तो निळी दाखवतो, उबदार वस्तू नारिंगी. खोक्यावर धरला, तर पडद्यावर गडद निळा गोळा दिसला. आजूबाजूची लोकर निळी, गोखरूही तितकाच निळा.

“बघ, याचं शरीर हवेइतकंच गार आहे. आजारी माणसाचं अंग कसं असतं?”

“तापलेलं. नाहीतर गार... पण इतकं नाही.”

“इतकं नाहीच. म्हणजे हा आजारी नाही. थंडीत किडे मिळत नाहीत, म्हणून यानं दुकान बंद केलंय. आईसारखंच.”

“शीतनिद्रा!” कृत्तिका ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

तिच्या ओरडण्याने गोखरू हलला नाही. पण पडद्यावर त्याच्या खांद्यांच्या मधोमध, निळ्या रंगात, जांभळट ठिपका उमटला होता.

आबा पुढे वाकले. “रोज बोलतेस तसं बोल बरं त्याच्याशी.”

“गोखरू, बरं आहे ना रे?” तिने हळूच विचारले, आणि एका बोटाने थोपटले.

ठिपका लाल झाला. लाल पसरला, नारिंगी झाला. बाहेरून पाहिले तर गोळा तसाच, एक काटासुद्धा हललेला नाही. आत मात्र बंब पेटत होता. दोघे हात मागे घेऊन बसले. नारिंगी पुन्हा निळा व्हायला इतका वेळ लागला, की बागेतली सावली भिंतीवर चढली.

“आबा, त्याला माझं ऐकू येतं?”

“त्याला नाही, त्याच्या शरीराला. कुणीतरी आलं, कदाचित पळावं लागेल, असं समजून शरीर तापायला लागतं. पुरतं जागं होत नाही, अर्ध्यावरून परततं. याला अर्धजागृती म्हणू. आता सांग, तापायला काय लागतं?”

“सरपण.” ती थांबली. “चरबी. म्हणजे मी विचारायचे, बरं आहे ना, आणि त्यामुळेच तो...”

  आबा खोक्याकडे पाहत होते, पण त्यांना दिसत होत्या त्या पाच पट्ट्या. ते इतक्या झटकन उठले, की चष्मा पायरीवर पडला.

केंद्रात नफिसा घरी जायच्या तयारीत होती.

“नफिसा, ‘घरची हाक’ कुणाकुणाला जाते?”

“घरची हाक? सगळ्यांना, सर.”

‘घरची हाक’ ही याच केंद्राची प्रथा. तिन्हीसांजेला आपल्याकडे मुलांना घरात बोलावतात, तशी झोपलेल्या प्रवाशांना घरच्या माणसाने आधीच बोलून पाठवलेली हाक ठरल्या वेळी ऐकवायची. कान सर्वांत शेवटी झोपतात. आवाज ऐकला तर माणूस जागा झाल्यावर बावरणार नाही, अशी त्यामागची कल्पना. सगळ्यांनी कौतुक केले होते तिचे.

“सगळ्यांना?” डॉक्टरांनी पुन्हा विचारले.

नफिसाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. “तुस्कानोला नाही. त्याचं घरचं कुणीच नाही. मी म्हटलं होतं, माझा आवाज पाठवते. तर म्हणाला, ‘बाई, मी जागेपणी कुणाचं ऐकत नाही, झोपेत काय ऐकणार? मला झोपू द्या.’ आम्हाला फार वाईट वाटलं होतं त्याचं.” बोलता बोलता ती खुर्चीत बसली. “पण सर, त्यांचं तापमान आम्ही रोज बघतो. एकदाही वाढलेलं नाही.”

“कधी मोजता?”

“रोज दुपारी.” तिने कपाळावर हात मारला. “आणि हाक संध्याकाळी सातला.”

यानाला नवा हुकूम गेला: सायंकाळभर सलग तापमान मोजावे. दुसऱ्या दिवशी आलेखात पाच उंचवटे दिसले, सगळे हाकेनंतरचे. त्यांतला सर्वांत उंच अरुंधतीचा. बाकीच्या घरची माणसे मधूनच एखाद-दोन दिवस विसरत. कृत्तिका दोन वर्षांत एकदाही चुकली नव्हती. तापातही बोलली होती.

आता थांबवली तर उरलेला साठा शनीपर्यंत पुरत होता, म्हणून हाक बंद करायचे ठरले. आता हे कृत्तिकाला सांगायचे कसे, हा विचार करत आबा घराच्या वाटेने मुद्दाम हळू चालले. पण ती बागेतच होती. कडुनिंबाखाली पाचोळ्याचा ढीग उकरून, गोखरूला लोकरीसकट आत ठेवून वर पाला पसरत होती. तिने आबांकडे पाहिले, मग बोटाने खूण करून त्यांना ढिगापासून लांब, पायरीपर्यंत नेले.

“मी आईलाही रोज असंच करते ना?” तिने विचारले.

“कुणी सांगितलं?”

“तुमचा चष्मा पडला होता. तुम्ही उचललासुद्धा नाही.”

आबांनी तिला जवळ घेतले. तू चांगल्या मनानेच करत होतीस, आम्हीच सांगितले होते बोल म्हणून, असे काहीबाही ते बोलले. ती रडली नाही. “मग आता मी बोलणारच नाही,” म्हणाली, आणि त्या दिवशी सात वाजता उशीत तोंड खुपसून पडून राहिली.

आठवडा गेला. चार पट्ट्या स्थिरावल्या. तिसरी पूर्वीहूनही वेगाने आखूड होऊ लागली.

“हे शक्य नाही,” नफिसा म्हणाली. “आवाज बंद आहे. तरी बघा, अरुंधती सातच्या जरा आधीच तापायला लागते. आधी अर्ध्या तासात निवायची. आता नऊ-नऊपर्यंत तापलेलीच.”

डॉक्टरांनी आलेखावरच्या सातच्या खुणेवर बोट ठेवले. “ती वाट बघतेय,” ते म्हणाले.

“गार मेंदू वाट बघतो, सर?”

“गार मेंदूतही घड्याळ चालू असतं. नाहीतर ऋतू बदलला हे जाहकाला कसं कळेल? बाकीच्यांची हाक अधूनमधून चुकायची, त्यांना तशी सवय लागली नाही. हिच्या शरीराला माहीत आहे, सात वाजता पोरगी येते. आली की ऐकायचं आणि निवायचं. ती आलीच नाही, तर निवायचं कधी?”

“मग हाक पुन्हा सुरू करायची? तरीही साठा संपणारच, जरा सावकाश. अजून गार करावं तर हृदय थांबेल.” नफिसाने डोळे चोळले. “सर, आपण दोन्हीकडून अडकलोय.”

“किती तापते ती? सर्वांत वरचा आकडा सांग.”

नफिसाने सांगितला.

“या तापमानाला माणसाला शब्द कळतात?”

“आवाज ओळखता येतो. शब्दही कळत असावेत. स्वप्नात कळतात तसे...” नफिसा पुन्हा आलेखाकडे वळली.

“वाट बघण्याइतकी जागी आहे, तर निरोप समजण्याइतकीही जागी असणार. तिला कुणी सांगितलंच नाही, की आता हाक येणार नाही.”

“आणि नाहीच समजलं तर? नुसता आवाज ऐकून सवय आणखी पक्की होईल. तेवढी चरबी आपल्याकडे नाही, सर. एकदाच करता येईल हे.”

“एकदाच करू.”

नफिसाने एका कागदावर नेमका, सोपा मजकूर लिहिला होता. कृत्तिकाने तो वाचला आणि परत केला. “नफिसामावशी, असं बोलले तर आईला वाटेल बाईच बोलतायत शाळेतल्या.” मग ती ध्वनिग्राहकासमोर बसली. नेहमीसारखे पाय हलवले नाहीत.

“आई, मी कृतू. उद्यापासून मी बोलणार नाहीये. परवापण नाही. रुसले नाहीये, बरं का. माझं बोलणं ऐकून तू दमतेस, म्हणून. तू वाट नको बघूस. उठलीस की मग सगळं सांगते. खूप साठवून ठेवेन. आता झोप.”

सातनंतर, ती सर्वांत तापलेली असताना, ऐकवायचा म्हणून निरोप गेला. यान इतके लांब होते, की आवाज तिथे पोहोचायला तासाहून जास्त वेळ लागे आणि तिकडची रेघ इकडे यायलाही तितकाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघे पडद्यासमोर बसले. आलेखाची रेघ डावीकडून सावकाश येऊ लागली. पाच वाजले, सहा वाजले, ते तिथले, यानातले. रेघ सातच्या जवळ आली. रोज जिथे चढ सुरू होई ती जागा आली.

रेघ सरळ गेली. सात उलटले, साडेसात, आठ. रेघ सरळच.

“आबा, आईला काही झालं नाही ना?” कृत्तिकाने विचारले. “रेघ हलतच नाहीये.”

“हृदय चालू आहे, हे बघ इथं. गाढ झोपलीय.”

“म्हणजे तिनं ऐकलं.”

“ऐकलं. आणि तुझं म्हणणं मानलं.”

नफिसाला राहवले नाही. ती खुर्चीवरून उठली आणि टाळ्या वाजवत मोठ्याने काहीतरी म्हणू लागली. कृत्तिकाने झटकन वळून ओठांवर बोट ठेवले.

“श्श! मावशी, हळू.”

यान सव्वाशे कोटी किलोमीटर दूर होते. तरीही तिघे उठले, खुर्च्यांचा आवाज होऊ न देता, आणि दार हलकेच ओढून घेऊन बाहेर पडले.