सुलाच्या गोष्टीला हुंकार

लाईट आता तासाभरात काही येत नाही. आपल्याकडची वीज माझ्या जुन्या साहेबांसारखी आहे; गेली की परत कधी येणार ते तिलाही माहीत नसतं. तोवर एक सांगतो. पण लिंबाजी, तू हुंकार द्यायचा. ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हं' म्हटलं नाही तर सांगणाऱ्याची गोष्ट पुढं सरकत नाही. हा नियम मी काढलेला नाही, फार जुना आहे. आणि जांभई म्हणजे हुंकार नव्हे.

हे माझ्यावर गुदरलेलं नाही. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर चंद्रभान बसायचा, त्याच्यावर गुदरलं. चंद्रभान खोटं बोलत नसे. त्याला तेवढी कल्पनाशक्तीच नव्हती. वीस वर्षं त्यानं आवक-जावक सांभाळली, त्यात माणसाची जी काही कल्पनाशक्ती असते ती जावक होऊन जाते.

तारीख चौदा फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तर, गुरुवार. पक्की सांगतो, कारण दौऱ्याचा हुकूम मीच टाईप केला होता. अमावास्येला आठवडा बाकी होता, तेव्हा तशी काही आशा धरू नका.

चंद्रभान सकाळच्या एस.टी.नं निघाला. चारठाण्याच्या पुढं एका फाट्यावर उतरला आणि तीन मैल चालत गेला. तिथं एक बालगृह होतं. भाड्याचं दगडी घर, पुढं ओसरी, मागं स्वयंपाकाची पडवी. त्यात अकरा मुलं. आदल्या वर्षीच्या दुष्काळात त्या बाजूला पाझर तलावाचं काम चाललं होतं. बाया मुरूम खणायच्या. खणून खणून खाणीचा एक कडा खालून पोकळ झाला. मे महिन्याच्या दुपारी मैलभरात तेवढीच एक सावली. बाया तिथं भाकरी खायला बसल्या, आणि कडा खाली आला. सात बाया गेल्या. पोरं समोरच होती.

सरकारनं पोरांना छप्पर दिलं, दोन वेळचं जेवण दिलं, सकाळची कवायत दिली. पोरं बोलत नव्हती. पण पोरांनी बोलावं असं नियमावलीत कुठं लिहिलेलं नव्हतं.

तिथले अधीक्षक बन्सीधरराव. माणूस वाईट नव्हता. त्यांचा सिद्धांत एकच, झालेल्याची आठवण काढायची नाही. कुणी 'आई' म्हटलं की ते त्याला पाढे म्हणायला लावत. एकोणतीसचा पाढा धडाधडा येणारी पोरं अख्ख्या तालुक्यात फक्त त्या घरात होती.

स्वयंपाकाला कडूबाई होती. तिला सिद्धांत नव्हता. भांडी घासून झाली की ती पोरांच्या खोलीत जाऊन आडवी व्हायची आणि अंधारात म्हणायची, "सांगा रं. जितवर सांगवंल तितवर सांगा. अडलं की थांबा. उद्या तितून म्होरं."

पोरं अंधारात बोलायला लागली. बोलली की रडायची, रडली की झोपायची. हळूहळू जेवायला लागली. दोघं तर एकमेकांशी भांडायला लागली, म्हणजे बरीच सुधारली. एक पोरगी मात्र चिवट. सुला, नऊ वर्षांची. ती रोज रात्री त्या दिवसाची गोष्ट पहाटेपासून सुरू करायची आणि रोज एखादं वाक्य पुढं न्यायची. पहाटेपासून दुपारपर्यंत यायला तिला पाच महिने लागले.

बन्सीधररावांनी वर लिहिलं, स्वयंपाकीण रात्री मुलांना रडवते. वरून हुकूम सुटला. "सदर स्त्रीमुळे मुलांच्या मनावर अनिष्ट परिणाम होत असल्याने तिला कामावरून कमी करण्यात येत आहे." ते वाक्य माझं. साहेबांनी त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. मला बरेच दिवस त्याचा अभिमान होता.

जानेवारीत कडूबाई गेली. पंधरा दिवसांत बन्सीधररावांचं दुसरं पत्र आलं. बाई अजून रात्री चोरून येते. पोरांच्या खोलीत तिचे हुंकार ऐकू येतात. पकडायला माणूस पाठवावा.

म्हणून चंद्रभान. बाईला खोलीत पकडायचं, पंचनामा लिहायचा, शुक्रवारी परत.

"मामा, यात भूत कुठं हाय?"

लिंबाजी, तुला हुंकार द्यायला सांगितलंय, चौकशी करायला नाही.

संध्याकाळी पोरं जेवायला बसली. सुला चंद्रभानच्या समोरच होती. बारीक कापलेले केस, मोठे डोळे. तिनं त्याला नीट न्याहाळलं.

"तुमी सायेब हाव का?"

"नाही गं. कारकून आहे."

"मंग बरं हाय." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "आज माजी गोष्ट शेवटाला जायलीय."

"कुणाला सांगणार?"

पोरीनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं आपण शिपायाकडं पाहतो. "जी ऐकती तिला."

चंद्रभान मनात हसला. आयता साक्षीदार. "बरं, आणि शेवटाला गेली की काय होतं?"

"कडूमावशी म्हनली, मंग ती सोडती."

"कोण सोडते?"

"गोष्ट," सुला म्हणाली आणि जेवायला लागली.

पोरं झोपायला गेल्यावर बन्सीधररावांनी खोलीला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली चंद्रभानच्या हातात दिली.

चंद्रभान म्हणाला, "रोज कुलूप लावता?"

"रोज."

"मग बाई आत जाते कशी?"

"तेच तर शोधायला तुम्हाला बोलावलंय."

"तुम्ही स्वतः का नाही पकडलं तिला?"

"अहो, मी अधीक्षक आहे."

"म्हणजे?"

बन्सीधररावांनी कंदिलाची वात कमी केली. "म्हणजे... रात्री मी त्या अंगाला जात नाही." आणि ते आपल्या खोलीत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग दुसरी कडी.

चंद्रभान ओसरीवर, पोरांच्या खोलीच्या खिडकीखाली घोंगडी पांघरून बसला. उजवा कान गजाला लावला. हाताशी बॅटरी. घड्याळात दहा वाजले. अकरा. थंडी होती. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. बारा. कुणी आलं नाही. ओसरीवर नाही, मागच्या पडवीत नाही. चंद्र वर आला, तोही अर्धाच.

एक वाजून दहा मिनिटं.

आतून सुलाचा आवाज आला. हळू, पण स्पष्ट.

"पहाटं आई उठली."

"हं."

चंद्रभान ताठ झाला. बाईचा आवाज. दमलेला. दिवसभर राबून आलेल्या बाईचा.

"रेशनच्या मिलो जवारीची लाल भाकर केली."

"हं."

"मला म्हनली, डोक्याला फडकं बांध."

"हं."

त्यानं कुलूप पाहिलं. जागच्या जागी होतं. किल्ली त्याच्या मुठीत होती. ही बाई संध्याकाळपासूनच आत लपून बसली असणार, असा त्यानं हिशेब केला. सरकारी माणूस. तो उठला. चपला काढल्या. कुलूप आवाज न करता उघडलं. दार बोटभर लोटलं.

आत काळोख.

"दुपार झाली. समद्या बाया सावलीला बसल्या."

"हं."

"मी बी सावलीच्या कडंला व्हते."

"हं."

"आई उनात बसली व्हती. एकलीच."

गप्प.

खूप वेळ गप्प. कुणाचा तरी श्वास अडकत होता.

मग, अगदी हळू...

"...हं."

"मी... मी आईला..."

"हं."

"मी आईला म्हनलं..."

लिंबाजी? हुंकार?

...बरं. राहू दे.

चंद्रभाननं बॅटरी लावली. "कोण आहे? कडूबाई, उठ!"

कुणी नव्हतं.

अकरा पोरं. अकराच्या अकरा उठून बसलेली. जागी. उजेड तोंडावर पडला तरी एकानंही त्याच्याकडं पाहिलं नाही. सगळी एका जागेकडं पाहत होती. सुलाच्या शेजारी. तिथं चटई नव्हती. एका माणसाला बसता येईल एवढी जागा सोडलेली होती. रोज सोडलेली असावी तशी.

सुलाचं तोंड उघडं होतं. वाक्य तिथंच होतं.

चंद्रभानला काय वाटलं कुणास ठाऊक. तो दारातच खाली बसला. बॅटरी विझवली. म्हणाला, "सांग पोरी. मी आहे. मी देतो हुंकार."

काही नाही.

"हं," तो म्हणाला.

काही नाही.

"हं... सांग की... हं..."

अंधारात एकेक पोर आडवं झाल्याचा आवाज आला. अकरा वेळा. तो पहाटेपर्यंत दारात बसून होता. हं म्हणत.

अर्धा मिनिट थांबला असता. एवढंच. सरकारी कामाला कधी घाई नसते रे. त्या एका रात्री होती.

शुक्रवारी तो परत आला नाही. जिंतूरहून सेलूची एस.टी. धरली. कडूबाई तिथल्या एका जिनिंगमध्ये कापूस निवडायच्या कामाला लागली होती. दुपारी सुट्टीत ती त्याला भेटली. केसांत सरकीचा तूस, पायाला सूज.

"काल रात्री तू बालगृहात आली होतीस का?"

"म्या? बारा कोस चालून? पाय बघा की सायेब."

"मग पोरांना हुंकार कोण देतं?"

कडूबाईनं केसांतला तूस झटकला. "मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय."

"काय?"

"म्या कवाच हुंकार दिला न्हाई. म्या निस्ती पडून ऱ्हायची. पैल्या रातीला सुला बोलाय लागली अन् तिच्या बाजूनं हं आलं. लय भेव वाटलं. मंग म्हनलं, ऐकायलीय तर ऐकू दे. पोरगी बोलायलीय, हे का थोडं हाय?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "काल शेवटाला गेली का पोरगी?"

चंद्रभाननं नकारार्थी मान हलवली.

"कुटवर आली व्हती?"

"'मी आईला म्हनलं', इथवर."

कडूबाई म्हणाली, "आई उनात बसली व्हती, सायेब. हिनंच हाका मारून तिला सावलीला बसिवली. वाचलेल्या बाईनं सांगितलं मला. आईला तेवढंच सांगायचं ऱ्हायलं व्हतं पोरीचं."

भोंगा झाला. ती उठून कामावर गेली.

सुला त्यानंतर बोलली नाही. त्या रात्री नाही, त्या महिन्यात नाही. पाढेसुद्धा नाही. बाकीची पोरंही हळूहळू गप्प झाली. मार्चमध्ये बन्सीधररावांचा अहवाल आला. "रात्रीचा त्रास पूर्णपणे थांबला असून मुले शांत आहेत." तो मीच फाईलला लावला. वर शेरा मारला, पाहिले. जूनमध्ये बालगृह बंद झालं आणि पोरं तीन जिल्ह्यांत वाटून टाकली. सुला कुठं गेली ते मी पुढं शोधलं. कागद सापडला. पोरगी नाही.

चंद्रभान सोमवारी कामावर आला होता. तेव्हाच म्हणत होता, उजव्या कानानं ऐकू येत नाही, ठणका लागलाय. दुपारी मीच त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी कानात पाण्याची पिचकारी मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा खालच्या पांढऱ्या इनॅमलच्या तबकात काहीतरी पडलं.

"काय हो," डॉक्टर हसले, "खाणीत झोपला होता की काय?"

चंद्रभान त्या तलावाच्या कामावर जन्मात कधी गेला नव्हता.

मी वाकून पाहिलं. चिमूटभर लाल मुरूम. आणि त्यात, तांदळाच्या दाण्याएवढा, हिरव्या बांगडीचा तुकडा.