हिरवं राहिलेलं झाड

ओमियाहून बोन्साय संघाच्या अध्यक्षांचा, प्रदर्शनातलं एक भांडण सोडवायला या म्हणून, फोन आला, तेव्हा निवृत्त इन्स्पेक्टर कुझुमी गार भात पुढ्यात घेऊन बसले होते. हिवाळ्यात बायको गेल्यापासून जेवलं काय नि न जेवलं काय, त्यांना सारखंच होतं. ते तसेच उठून निघाले.

प्रदर्शन उघडायला अजून अवकाश होता. एरवी कुझुमी प्रत्येक झाडापुढे वाकत, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नजर सावकाश चढवत. आज झाडं नुसती दिसत होती.

मधल्या मेजावर संघातले जुने सभासद शिदारा यांचं जुनिपरचं झाड होतं, तीन पिढ्या जपलेलं. हिरवंगार. अध्यक्षांनी साल नखानं खरवडली. आत ओल नव्हती.

"मेलंय. जुनिपर मेल्यावरही महिनाभर हिरवं दिसतं."

"आणि महिन्यापूर्वी मी इस्पितळात होतो!" शिदारा कडाडले. "तेव्हा पाणी कोण घालत होतं? या नेगोरोबाई! आज कुंडीत मीठ सापडलंय. यांचं नाव आत्ताच्या आत्ता संघातून काढा."

नेगोरोबाईंची झाडं चाळीस वर्षं शिदारांच्या शेजारी मांडली जात होती. या संघापलीकडे त्यांचं कुणी नव्हतं.

"तुम्ही काही बोला की," कुझुमी म्हणाले.

"काय बोलू? मी पाणीच घातलं."

कुझुमींनी मातीवरचं शेवाळ उचललं. खाली मिठाचे जाडे खडे होते.

"शेवाळ कधी लावलंत, शिदारा?"

"परवा. प्रदर्शनाआधी सगळेच लावतात."

"कुणाच्या हातानं?"

"माझ्या! दुसऱ्याला हात लावू देईन होय?"

"इस्पितळातून आल्यावर पाणी?"

"रोज घातलं. हे काय विचारणं झालं?"

कुझुमींचा आवाज सपाट होता. "मग बाईंनी महिन्यापूर्वी मीठ टाकलं असतं, तर ते कधीच विरघळून कुंडीच्या भोकांतून वाहून गेलं असतं. हे खडे शाबूत आहेत. म्हणजे मीठ परवा, शेवाळाबरोबर पडलं. त्यानंतर पाणी घातलंच गेलं नाही, कारण झाड मेल्याचं तुम्हाला ठाऊक होतं." त्यांनी माती उकरली. जाड मुळं करवतीनं कापलेली होती. "ही उथळ कुंडी प्रदर्शनासाठी. झाड तिच्यात बसावं म्हणून घरी येताच मुळं छाटलीत. नको तितकी."

शिदारांनी कुंडीची कड धरली. "आजोबांचं झाड हो. माझ्या हातून गेलं, हे कुणाला सांगणार होतो?"

कुझुमींना ना राग आला, ना समाधान वाटलं. त्यांनी बोटांची माती पुसली.

शिदारांनी नेगोरोबाईंपुढे कपाळ जमिनीला टेकवलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या झाडाकडे बघत होत्या.

"झाड गेलं त्याच दिवशी मला हाक मारायची होतीत, शिदारा," त्या म्हणाल्या. "मिळून रडलो असतो. आता मला रडूच येत नाहीये."