उंबऱ्यावरची अळणी पेज

ऐका. आमच्या अ‍ॅटलासच्या डोंगरात एक गाव होतं, गावाच्या टोकाला एक घर होतं, आणि त्या घरात मी इत्तो, माझा मुलगा मोहा आणि सून तुदा. दर हिवाळ्यात शहरातले डॉक्टर गाड्या घेऊन वर यायचे, दमडी न घेता अख्खं गाव तपासायचे. त्या वर्षी त्यांची वाट बघता बघताच तुदाला कळा लागल्या. मूल आडवं होतं. मोहा डॉक्टरांना आणायला घाटाकडे गेला.

मदतीला शेजारची हद्दा आली. बाळंतपण असलं की आमच्यात उंबऱ्यावर अळणी पेज ठेवतात... 'त्या लोकांसाठी', डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांचं नाव घ्यायचं नाही. मीठ त्यांना सोसत नाही. मी वाटी भरून ठेवली.

भर दुपारी धुकं दाराला येऊन टेकलं. कुत्री गप्प झाली. ओल्या राखेचा वास आला आणि दार वाजलं. पांढऱ्या डगल्यातली एक बाई उभी होती.

"फुकटवाल्या डॉक्टरीण ना तुम्ही?" हद्दानं विचारलं.

"मी कधीच कोणाकडून काही घेतलं नाही."

"मग शिकाऊ असणार," हद्दा पुटपुटली. मी तिला कोपरानं ढोसलं.

बाईनं तुदाच्या पोटावर हात ठेवला.

"आई... हात किती गार आहे हिचा..." तुदा मला म्हणाली.

पण मूल वळलं. पोटात ते वळताना मी डोळ्यांनी पाहिलं. दिवस मावळायच्या आत नातू रडला, तुदानं पाणी मागितलं.

उपाशी कोणाला पाठवायची आमची रीत नाही. मी गरम भाकरी पुढे केली. तिनं ती बाजूला सारली, उंबऱ्यावरची वाटी उचलली आणि उभ्यानंच पेज प्यायली. हद्दा दोन पावलं मागे सरकली.

"बाई... ती तुमच्यासाठी नव्हती..." मी म्हटलं.

"मग कोणासाठी ठेवली होतीत?" असं हसून विचारून ती धुक्यात गेली.

मोहा एकटाच परतला. "घाट बर्फानं बंद आहे, आई. गाड्या वर आल्याच नाहीत." मग त्याला बाळाचं रडणं ऐकू आलं आणि तो बर्फाळ जोड्यांनिशीच आत धावला.

तेव्हापासून आमच्या घरात ना बाळंतीण गेली, ना मूल. हाक मारायच्या आधीच ती दारात असते. माझं डोकं कापसासारखं झालं, तिचा एक केस पिकलेला नाही.

काल दुपारी पुन्हा दार वाजलं. घरात कोणी गरोदर नव्हतं. मी एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिले... तर धाकट्या नातसुनेनं मान खाली घातली आणि लाजून ओढणी तोंडावर ओढून घेतली.